फवारणीच्या आधीचा आकडा

“काकाजी, मान उचला. उशीवरून डोकं वर घ्या आणि तसंच धरून ठेवा.”

फवारणीतून विषबाधा झालेला पेशंट वॉर्डात असला की ड्यूटीभर दर काही तासांनी मी हे सांगत असते. पेशंट तोवर शुद्धीवर आलेला असतो. घाम थांबलेला असतो, तोंडाची लाळ आटलेली असते, बायको घरून भाकर घेऊन आलेली असते आणि सगळ्यांना वाटत असतं की उद्या सुट्टी होणार. नेमकं याच वेळी, विष अंगात गेल्यापासून साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात, काही पेशंटच्या मानेतलं बळ जातं. डोकं उशीवरून उचलत नाही. मग खांदे, मांड्या आणि शेवटी श्वासाचे स्नायू ढिले पडतात. मान न उचलणं ही श्वास बंद पडण्याची आगाऊ सूचना असते, आणि ती कुठलंही यंत्र हाताशी नसताना मिळते. नुसतं सांगायचं, बघायचं आणि चार्टवर वेळ टाकून लिहायचं.

हे आम्हाला ठाऊक आहे, कारण कुणीतरी ते आधी पाहिलं, लिहिलं, जुळवलं आणि छापलं. श्रीलंकेतल्या सेनानायके आणि करालियेद्दे या डॉक्टरांनी १९८७ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अवघ्या १० रुग्णांची हकीकत मांडली. त्याआधी पुस्तकांत या विषबाधेची दोन रूपं होती: पहिल्या काही तासांतलं आणि दोन-तीन आठवड्यांनी हातापायांच्या नसांवर उमटणारं. मधल्या दिवसांतलं हे तिसरं रूप त्यांनी वेगळं काढलं आणि त्याला ‘इंटरमीडिएट सिंड्रोम’ म्हटलं. जगभरच्या वॉर्डांत विषबाधेच्या पेशंटला मान उचलायला सांगतात, त्याच्या मुळाशी श्रीलंकेतली ती निरीक्षणं आहेत.

मी आर्णीची. अरुणावतीच्या काठचं हे तालुक्याचं गाव यवतमाळपासून चाळीसेक किलोमीटरवर आहे. बाहेरच्यांना ते बाबा कंबलपोष यांच्या उर्सामुळे माहीत असतं, नाहीतर जवळच्या दाभडीमुळे, जिथे २०१४ च्या निवडणुकीआधी ‘चाय पे चर्चा’ झाली होती. भोवती कापूस, सोयाबीन आणि तूर. आमच्या घरचीही थोडी कोरडवाहू शेती आहे. मी सरकारी नोकरीत अधिपरिचारिका आहे आणि सध्या एम.एस्सी. नर्सिंग करते आहे, कम्युनिटी हेल्थ घेऊन. प्रबंधासाठी मी फवारणी करणाऱ्या मजुरांचा विषय धरला आहे. घरात, शेजारी, बसमध्ये सगळे एकच विचारतात: डॉक्टर असताना नर्सनं काय संशोधन करायचं? आणि आर्णीत बसून करायचं ते काय?

याचं उत्तर सविस्तर द्यावं लागेल. सुरुवात २०१७ पासून.

त्या वर्षी जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकं फवारताना श्वासातून आणि कातडीतून विष जाऊन विसाहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो लोक रुग्णालयात भरती झाले. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, त्या साली अवाढव्य वाढली होती. कित्येक शेतांत ती माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती. एरवी फवारा कमरेखाली पडतो. त्या साली मजूर नळी वर धरून फवारत होते आणि तेच तुषार त्यांच्या तोंडावर, मानेवर, छातीवर उतरत होते. बीटी कपाशीला गुलाबी बोंडअळी जुमानत नव्हती, म्हणून फवारण्या वाढल्या होत्या. एका पंपात दोन-तीन औषधं मिसळून टाकली जात होती. उकाडा होता, घामानं कातडी ओली होती, आणि पाठीवरच्या पंपाचं झाकण गळून सदरा तासन् तास ओला राहत होता.

विष तोंडावाटेच जातं असं लोकांना वाटतं. गडी म्हणतो, “म्या त तोंडाले फडकं बांधलं होतं.” फडकं त्यानं खरंच बांधलेलं असतं. पण ओला सदरा दिवसभर पाठीला चिकटलेला असतो, आणि या गटातली बरीच औषधं कातडीतून सहज आत जातात. फडकंही तुषारांनी भिजतं, आणि मग तेच ओलं फडकं नाकातोंडाला लागलेलं राहतं.

आत गेल्यावर काय होतं ते थोडक्यात सांगते. मेंदूचा निरोप स्नायूला, ग्रंथीला, हृदयाला पोचवण्यासाठी नसांच्या टोकांवर ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन सुटतं. निरोप पोचला की ते ताबडतोब मोडून टाकावं लागतं. हे काम कोलिनेस्टरेज हे विकर करतं. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, ॲसिफेट ही ऑर्गनोफॉस्फरस गटातली औषधं या विकरालाच जखडून टाकतात. मग ॲसिटिलकोलीन साचत जातं आणि निरोप थांबतच नाही. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, लाळ गळते, घामाच्या धारा लागतात, नाडी मंदावते, स्नायू कातडीखाली फडफडतात आणि फुप्फुसांत इतका स्राव भरतो की माणूस कोरड्या जमिनीवर बुडाल्यागत होतो. अळीचंही तसंच होतं. तिच्या शरीरातलं विकर आणि आपलं विकर यांत या औषधाला फारसा फरक दिसत नाही.

उपाय दोन. ॲट्रोपिन ॲसिटिलकोलीनचा परिणाम अडवतं. दुसरं प्रॅलिडॉक्सिम, ज्याला वॉर्डात आम्ही ‘पॅम’ म्हणतो. ते विकराला विषाच्या तावडीतून सोडवतं, पण वेळेत दिलं तरच. काही तासांनी, कोणतं कीटकनाशक त्यावर अवलंबून, विकर आणि विष यांची गाठ पक्की होते. कुलपात किल्ली तुटून अडकावी तसं. मग ते विकर कायमचं गेलं, शरीरानं नवं तयार करेपर्यंत.

म्हणून विषबाधेत पहिला प्रश्न असतो: कोणतं औषध फवारलं? २०१७ च्या सप्टेंबरात हा प्रश्न मी पेशंटच्या बायकांना, भावांना, मालकांना विचारत होते. उत्तरं अशी: निळ्या झाकणाची बाटली. कृषी केंद्रवाल्यानं दिलं ते. मालकानं पंप भरून दिला, मले काय माहीत. एकानं पिशवीत गुंडाळून रिकामी बाटली आणली होती. तिच्या गळ्याला माहितीपत्रक बांधलेलं होतं, चौघडीवर चौघडी घातलेलं, अनेक भाषांत, अक्षर इतकं बारीक की ड्यूटी रूमच्या ट्यूबलाइटखाली मला ते वाचता आलं नाही. बाटलीवर चौकोनात रंगीत त्रिकोण होता. लाल त्रिकोण म्हणजे अतिविषारी, मग पिवळा, निळा आणि सगळ्यात सौम्य हिरवा. मी विचारलेल्या एकाही नातेवाइकाला त्याचा अर्थ सांगता आला नाही.

मी तेव्हा ज्या रुग्णालयात होते, तिथे रक्तातलं कोलिनेस्टरेज मोजण्याची सोय नव्हती. केसपेपरवर ‘अज्ञात विषबाधा’ लिहून लक्षणं बघत उपचार चालले. लक्षणंही सरळ नव्हती. काहींच्या बाहुल्या बारीक, काहींच्या मोठ्या, काही जण बेभान होऊन पलंगावरून उठून धावत होते, काहींना धूसर दिसत होतं. आता मोठ्या बाहुल्या ॲट्रोपिनमुळे की आणखी कुठल्या औषधामुळे? त्या साली सगळीच औषधं ऑर्गनोफॉस्फरस गटातली नव्हती. डायफेन्थ्युरॉनसारखी वेगळ्या रीतीनं काम करणारीही वापरात होती आणि त्यांच्यावर पॅमचा काही उपयोग नाही. डॉक्टर जिवाचं रान करत होते. पण कोणत्या पेशंटच्या अंगात काय होतं, हे त्यांना कळायचा मार्गच नव्हता.

पुढे सरकारनं विशेष तपास पथक नेमलं, काही कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी आली, आणि २०२३ साली केंद्र सरकारनं ३६ टक्के मोनोक्रोटोफॉस टप्प्याटप्प्यानं बंद करण्याची अधिसूचना काढली. याच रसायनानं २०१३ मध्ये बिहारच्या गंडामन गावात शाळेच्या माध्यान्ह भोजनातून २३ मुलांचा जीव घेतला होता. श्रीलंकेनं ते १९९५ मध्येच बंद केलं होतं.

मला राहून राहून वाटतं ते असं. २०१७ च्या त्या चार महिन्यांत शेकडो माणसं आमच्या हातांखालून गेली. प्रत्येकाच्या बाबतीत औषधाचं नाव, मिश्रण, फवारणीचे तास, पंपाचा प्रकार, अंघोळ कधी केली, पहिलं लक्षण कधी दिसलं, हे सगळं ठरावीक रकान्यांत लिहिलं गेलं असतं, तर आज जगातल्या कुठल्याही विषविज्ञान विभागाला हवीहवीशी वाटेल अशी माहिती यवतमाळकडे असती. तेव्हा हातात वेळ नव्हता, हेही तितकंच खरं. एका पलंगावर दोन पेशंट असताना रकाने कोण भरणार? रकाने संकट येण्याआधी छापून ठेवावे लागतात. आरोग्यविज्ञानातल्या संशोधनाचा निम्मा भाग म्हणजे ही आधीची तयारी. बाहेरून ती कुणाला दिसत नाही.

वैद्यकातलं संशोधन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर परदेशातली प्रयोगशाळा येते. विषबाधेच्या उपचारावरचा एक महत्त्वाचा प्रयोग मात्र बारामतीत झाला. कीर्ती पवार, रमेश भोईटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला, २००६ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेला. ऑर्गनोफॉस्फरसची मध्यम तीव्रतेची विषबाधा झालेले २०० रुग्ण. सगळ्यांना सुरुवातीला २ ग्रॅम पॅम. मग चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गट पाडले: एका गटाला नेहमीप्रमाणे दर चार तासांनी १ ग्रॅम, दुसऱ्या गटाला ४८ तास अखंड, दर तासाला १ ग्रॅम. अखंड पॅम मिळालेल्या गटात १ टक्का रुग्ण दगावले, दुसऱ्या गटात ८ टक्के. व्हेंटिलेटरवरचे दिवसही निम्म्यावर आले.

गट चिठ्ठी टाकून का पाडायचे? डॉक्टरनं स्वतः निवडलं तर नकळत बरा दिसणारा पेशंट नव्या उपचाराकडे जातो, किंवा दयेपोटी गंभीर पेशंट तिकडे जातो. दोन्ही प्रकारांत शेवटी कळत नाही की फरक औषधानं पडला की निवडीनं. चिठ्ठी टाकली की वय, विषाची मात्रा, उशीर, गरिबी हे सगळं दोन्ही गटांत सारखं वाटलं जाण्याची शक्यता वाढते.

बारामतीचा निकाल वाचून वाटेल की प्रश्न मिटला. मिटला नाही. २००९ मध्ये मायकेल एडल्स्टन आणि श्रीलंकेतले डॉक्टर यांनी २३५ रुग्णांवरचा प्रयोग छापला. तिथे एका गटाला पॅम आणि दुसऱ्याला साधं सलाईन होतं, आणि कुणाला काय चाललंय हे उपचार करणाऱ्यांनाही माहीत नव्हतं. पॅमच्या गटात सुमारे २५ टक्के दगावले, सलाईनच्या गटात सुमारे १६ टक्के. हा फरक योगायोगानंही पडू शकतो इतपतच होता, पण पॅमनं फायदा झाल्याचं काही दिसलं नाही. बारामतीचे रुग्ण तुलनेनं लवकर पोचलेले होते, तिथे अतिदक्षतेची सोय चांगली होती, मात्रा वेगळी होती. श्रीलंकेत बहुतेकांनी विष प्यायलेलं होतं. कुठल्या माणसाला, कुठल्या विषात, किती तासांच्या आत पॅम लागू पडतं, हा प्रश्न अजून उघडा आहे.

शिकताना मला या दोन निबंधांनी जितकं शिकवलं तितकं कुठल्याही पाठ्यपुस्तकानं नाही. दोन्ही प्रामाणिक, दोन्ही नामांकित नियतकालिकांत, आणि उत्तरं वेगळी. यात कुणी खोटं बोललेलं नाही. आणि यातलं कुठलंही उत्तर फवारणी करताना श्वासातून आणि कातडीतून हळूहळू विष गेलेल्या माझ्या तालुक्यातल्या माणसावर काढलेलं नाही. त्याच्यासाठीचा प्रयोग कुणी केला असेल तर तो माझ्या वाचनात आलेला नाही.

ॲट्रोपिनची गोष्ट नर्सच्या हातातली. बांगलादेशात चितगावला १५६ रुग्णांवर एक प्रयोग झाला, तो २०१२ मध्ये छापून आला. एका गटाला ॲट्रोपिन जुन्या पद्धतीनं ठरावीक मात्रेत. दुसऱ्या गटाला दर पाच मिनिटांनी मात्रा दुप्पट करत, छाती मोकळी होईपर्यंत, आणि मग सलाईनमधून सावकाश. मृत्यूचं प्रमाण २२.५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आलं. औषध तेच, किंमत तीच. फरक इतकाच की कुणीतरी पाच-पाच मिनिटांनी पेशंटपाशी उभं राहून छातीला स्टेथोस्कोप लावत होतं, नाडी आणि रक्तदाब बघत होतं. ॲट्रोपिन जास्त झालं तर पेशंट चादर ओढायला, हवेत काहीतरी पकडायला लागतो, ताप चढतो, पोट फुगतं, लघवी अडते. हे आधी दिसतं ते त्या उशाशी उभ्या असलेल्या माणसाला. बहुतेक वेळा तो माणूस म्हणजे नर्स असते. नर्सनं काय संशोधन करायचं, या प्रश्नाचं माझं उत्तर इथून सुरू होतं.

आमचा पेशा संशोधनाचा विषयही झालेला आहे, आणि तोही शेजारच्याच जिल्ह्यात. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत मधुकर पै, एस. पी. कलंत्री आणि इतरांनी ७२६ आरोग्य कर्मचाऱ्यांची क्षयाच्या सुप्त संसर्गासाठी तपासणी केली. त्यात डॉक्टर होते, नर्सेस होत्या, वैद्यकीय आणि नर्सिंगचे विद्यार्थी होते. दोनपैकी निदान एका चाचणीत ५० टक्के जण पॉझिटिव्ह आले. हा निबंध २००५ मध्ये अमेरिकेच्या ‘जामा’त आला. विशीतल्या मुली, ज्यांनी नुकताच गणवेश चढवला होता, त्याही यात होत्या. आम्ही ज्यांची सेवा करतो त्यांचा आजार आमच्या फुप्फुसात येऊन बसतो, हे वॉर्डात सगळे बोलत होतेच. पण बोलणं आणि मोजणं यांत फरक आहे. मोजल्यावर मास्क, खेळती हवा, खोकणाऱ्या पेशंटसाठी वेगळी जागा यांची मागणी करताना हातात कागद असतो.

मोजण्याचं आणखी एक उदाहरण मला फार जवळचं आहे. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायकांना तपासलं आणि १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं की ९२ टक्के बायकांना कुठला ना कुठला स्त्रीरोग आहे. तपासलेल्यांतल्या जेमतेम ८ टक्के बायकांची आधी कधी तशी तपासणी झाली होती. दवाखान्यात येणाऱ्या बायका मोजून हा आकडा कधीच मिळाला नसता, कारण त्या दवाखान्यात येतच नव्हत्या. प्रश्न घेऊन गावात जावं लागलं. माझ्या विषयाचंही तसंच आहे. वॉर्डात येतो तो कोसळलेला मजूर. ज्याचं डोकं दर फवारणीनंतर दोन दिवस दुखतं, जेवण जात नाही, हाताला कंप सुटतो आणि जो तिसऱ्या दिवशी परत पंप पाठीवर घेतो, तो कुठल्याच नोंदवहीत नाही.

मला मोजायचंय ते त्याचं.

कोलिनेस्टरेजची एक अडचण आहे. निरोगी माणसांतही त्याचं प्रमाण खूप कमी-जास्त असतं. एखाद्याचा आजचा आकडा ‘नॉर्मल’मध्ये बसत असेल, पण त्याचा स्वतःचा मूळ आकडा बराच वरचा असेल, तर त्याचं एक तृतीयांश विकर गेलेलं असूनही रिपोर्ट चांगलाच दिसेल. म्हणून त्याच माणसाचा फवारणी सुरू होण्याआधीचा आकडा हवा. जूनमध्ये पेरणीच्या सुमारास एकदा रक्त घ्यायचं, मग ऑगस्ट-सप्टेंबरात पुन्हा, आणि माणसाची तुलना त्याच्याच आधीच्या आकड्याशी करायची. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात १९७४ पासून शेतीतल्या फवारणी कामगारांसाठी हे कायद्यानं बंधनकारक आहे. लाल पेशींतलं कोलिनेस्टरेज मूळ आकड्याच्या ७० टक्क्यांवर उतरलं की त्या माणसाला फवारणीवरून काढायचं, आणि ८० टक्क्यांवर परत आल्याशिवाय कामाला लावायचं नाही. तो आजारी पडायच्या आत हे व्हायला हवं, हा त्यातला गाभा.

आपल्याकडे नियम नाही असं नाही. १९७१ च्या कीटकनाशक नियमांत फवारणीच्या कामावर घेतल्या जाणाऱ्यांची वैद्यकीय तपासणी सांगितलेली आहे आणि ऑर्गनोफॉस्फरसशी संबंध येणाऱ्यांचं कोलिनेस्टरेज वेळोवेळी मोजायलाही सांगितलेलं आहे. हा नियम मी पहिल्यांदा वाचला तेव्हा रात्री बराच वेळ झोप लागली नाही. पन्नास वर्षांहून जुना कागद. कारखान्यातल्या हजेरीपटावरच्या माणसापर्यंत तो पोचत असेल. ज्याला सकाळी चौकात उभं राहून काम मिळतं, आज एकाच्या वावरात तर उद्या दुसऱ्याच्या, त्याचा मालक कोण आणि त्याची तपासणी कुणी करायची?

आता या प्रश्नाचा प्रबंध कसा होतो तेही सांगते, कारण पुष्कळांना वाटतं की कॉलेजनं सांगितलं आणि पोरीनं लिहिलं. आधी विषय गाइडसमोर मांडायचा. मग सिनॉप्सिस: आधी कुणी काय केलंय, आपला प्रश्न नेमका काय, किती माणसं लागतील आणि का तितकीच, काय मोजायचं, कशानं मोजायचं. माणसांची संख्या अंदाजानं ठरत नाही. फरक लहान असेल तर तो दिसायला जास्त माणसं लागतात. हे गणित संख्याशास्त्राच्या सरांकडे बसून करावं लागतं. नंतर संस्थेची नीतिशास्त्र समिती. तिच्यात डॉक्टरांबरोबर कायदा जाणणारा माणूस असतो, समाजातला सामान्य माणूसही असतो. समितीनं होकार दिल्याशिवाय कुणाच्या बोटाला सुई लावता येत नाही. आणि प्रत्येक माणसाचं संमतीपत्र, त्याला समजेल अशा भाषेत. माझ्या तालुक्यात याचा अर्थ एका मराठीत भागत नाही. बंजारा तांड्यावर गोरमाटी बोलतात, कोलाम पोडावर कोलामी. सही करून घेणं सोपं आहे. “नाही म्हणालात तरी दवाखान्यात तुमच्या उपचारात काही फरक पडणार नाही” हे त्याला पटेल असं सांगणं कठीण आहे, कारण गणवेशातल्या बाईला नाही म्हणायची आमच्या लोकांना सवय नाही. म्हणून मी गावात साध्या साडीत जाते आणि आशाताईला सोबत घेते.

एका गोष्टीबद्दल मला तीव्रपणे वाटतं. नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ मध्ये सुरू झालं. राज्यातली वैद्यकीय, दंत, आयुर्वेद, नर्सिंग अशी बहुतेक महाविद्यालयं त्याच्याशी जोडलेली आहेत, आणि पदव्युत्तर पदवीसाठी प्रबंध सगळ्यांनाच लिहावा लागतो. म्हणजे दरवर्षी महाराष्ट्रातल्या आजारांवर ढीगभर नवी माहिती गोळा होते. ती काळ्या कापडी बांधणीत, सोनेरी अक्षरांत, इंग्रजीत ग्रंथालयाच्या कपाटात जाते. ज्या गावात रक्त घेतलं त्या गावाला निकाल कळत नाही. माझं म्हणणं असं की प्रत्येक प्रबंधाबरोबर त्या भागाच्या भाषेतलं एक पान सक्तीचं करावं: काय विचारलं, काय सापडलं, आता तुम्ही काय करावं. ते पान ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावं, कृषी केंद्राच्या काउंटरवर लागावं. खर्च काही नाही. परीक्षकानं मौखिक परीक्षेत ते पान मागितलं की पुढच्या वर्षीपासून सगळे लिहायला लागतील.

विषय पक्का करण्याआधी मी लोणबेहळच्या बाजूला मजुरांशी बोलायला गेले होते. संध्याकाळची वेळ, काम आटोपून आलेले गडी पारावर बसलेले. मी रक्त कशासाठी घ्यायचं ते समजावून सांगितलं: आधीचा आकडा, नंतरचा आकडा. एक पन्नाशीचा माणूस शांतपणे ऐकत होता. हातांच्या बोटांची कातडी सोलवटलेली होती.

“रिपोर्ट मले भेटन का?” त्यानं विचारलं.

“भेटेल काकाजी. तुमचा तुम्हालाच, कागदावर, समजावून.”

“आन आकडा कमी आला त?”

“मग फवारणी थांबवायची. पंप हातात घ्यायचा नाही. नवं रक्त तयार व्हायला वेळ लागतो, महिना, कधी त्याहून जास्त.”

“महिनाभर?” तो शेजारच्याकडे बघून म्हणाला. “फवारणीचीच त रोजी जास्त हाय, सिस्टर. निंदणाले तितके पैसे कोन देते? तो फरक कोन भरून देईन?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. घरी येऊन मी दोन्ही प्रश्न वहीत लिहिले. पहिला सोपा आहे. प्रत्येकाचा निकाल चोवीस तासांत त्याच्या हातात, हे मी सिनॉप्सिसमध्ये घातलं. दुसऱ्याबद्दल गाइड मॅडम म्हणाल्या की हे प्रबंधाच्या कक्षेबाहेर जातं. मी त्यांना म्हटलं, मॅडम, आकडा खाली आलाय हे मी एखाद्याला सांगायचं आणि दुसऱ्या दिवशी तो पोटासाठी त्याच शेतात जाणार असेल, तर मी त्याला सांगून काय केलं? त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, समितीसमोर हा मुद्दा तूच मांड.

समितीची बैठक पुढच्या महिन्यात आहे. त्याआधी मला तालुका कृषी कार्यालयात आणि तहसीलमध्ये जाऊन विचारायचंय की फवारणीवरून काढलेल्या मजुराला त्या महिन्यापुरतं रोजगार हमीचं काम देता येईल का, आणि देता आलं तरी दोन मजुऱ्यांमधला उरलेला फरक कुठल्या शीर्षाखाली बसतो. संमतीपत्रात फवारणी थांबवण्याच्या सूचनेपुढची ओळ मी सध्या कोरी ठेवली आहे.